मिल्काबाईंचा उपास

फार जुनी गोष्ट आहे. कोकणात खाडीकाठच्या एका गावात बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, तेल्यांची काही घरं होती. शनिवारी ते घाणा बंद ठेवत आणि एकाच देवाची प्रार्थना करत. त्यांच्यातच मिल्काबाई राहत.

त्यांच्या सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या. ‘पहिलटकरीण आहे, उगाच घाबरते,’ म्हणून मिल्काबाईंनी अबिगाबाई सुईणीला निरोप धाडायला दुपार केली. बाळ जन्मताच गेलं. बायका विचारू लागल्या, तेव्हा भीतीने त्यांच्या तोंडून निघालं, “मी सकाळीच निरोप धाडला होता. अबिगाबाई जेवत बसली.”

लोकांना ते पटलं. अबिगाबाईला कुणी बाळंतपणाला बोलावेना. शेवटी ती खाडीपलीकडे भावाकडे राहायला गेली.

सात वर्षं गेली. दरवर्षी क्षमेच्या सणाला मिल्काबाई कडक उपास करत, देवाची करुणा भाकत. पण उपास सुटला तरी घास गिळवत नसे. एकदा सणाला चार दिवस असताना त्यांनी प्रार्थना सांगणाऱ्या म्हाताऱ्या हजानांना सगळं सांगितलं.

“देव मला माफ करील का हो?”

“पश्चात्ताप करणाऱ्याची पापं देव समुद्राच्या तळाशी टाकतो, असं आपलं शास्त्र सांगतं. पण बाई, अबिगाकडे गेलीस का?”

“कुठल्या तोंडाने जाऊ?”

“याच तोंडाने खोटं बोललीस ना? मग याच तोंडाने खरं सांग.”

मिल्काबाई होडीत बसल्या. अबिगाबाई अंगणात चिंचा फोडत होती. मिल्काबाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

अबिगाबाईच्या हातातला विळा थांबला. “म्हणजे निरोपच दुपारी धाडलास? आणणाऱ्यानेच वाटेत उशीर केला, असं मी समजत होते. मी ताटातले चार घास संपवून निघाले होते गं. त्या चार घासांनी बाळ गेलं, असंच मला वाटायचं. सात वर्षं!” आणि ती पदर तोंडाला लावून हमसून रडली. मग म्हणाली, “देव तुला माफ करणार असेल, तर मी कोण अडवणार? बस. पाणी पी.”

मिल्काबाईंनी गावात चारचौघांपुढे तेच सांगितलं. सून तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी, सणाला, ती आपणहून सासूशेजारी प्रार्थनेला बसली. पलीकडे पांढऱ्या लुगड्यात अबिगाबाई होती. गावच्या बायका जाऊन तिला घेऊन आल्या होत्या.

संध्याकाळी उपास सुटला. मिल्काबाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि सुनेला म्हणाल्या, “अजून आहे का गं?”

तात्पर्य एवढंच: देव क्षमा करतोच, पण जिच्यावर अन्याय केला, तिच्यापाशी आधी खरं बोलावं.