पाटीवरचा हार

सोलापुरात रेवणप्पा मालकांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. कामगारांचे हक्क सांगणारी पाटी लावणं सक्तीचं, म्हणून त्यांनी ती भिंतीला लावली. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, तेव्हा पाटीलाही झेंडूचा जाडजूड हार घातला. दिवाळी आली तरी तो तसाच होता, पार वाळलेला, आणि त्याच्यामागे पाटीवरचं काही दिसत नव्हतं.

अंबिका बाळंतपणानंतर नुकतीच कामावर आली होती. सासू तान्ह्याला घेऊन फाटकाशी बसायची. त्याचं रडणं मशिनींच्या आवाजातूनही अंबिकाला ऐकू येई आणि तिचे टाके वाकडे पडत. शेवटी ती उठली.

"मालक, बाळाला पाजायला सुट्टी असते म्हणे. पाटीवर बघू का? जरा हार काढते."

"हात लावू नकोस," मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नियमाला हार घालणारा दुसरा मालक दाखव मला. एवढा मान कोण देतं?"

अंबिका पाटीखाली जाऊन उभी राहिली. बाहेर बाळ रडतच होतं.

"मालक, देवाचा हार रोज बदलतात. मशिनींचा तुम्ही दसरा होताच उतरवला, कारण त्या चालवायच्या होत्या. वाळला तरी राहतो तो गेलेल्या माणसाच्या फोटोवरचा. नियम कधी वारले ते सांगा, आम्ही सुतक तरी पाळतो."

एकेक मशीन थांबली. कुणी हसलं नाही, सगळ्या बायका पाटीकडे बघत राहिल्या. मग मालकच स्टुलावर चढले आणि त्यांनी हार काढला. तान्ह्याच्या आईला दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी, असं मधोमध लिहिलेलं होतं.

अंबिकाने ती ओळ मोठ्याने वाचली आणि ती फाटकाकडे निघाली. वाळका हार मालकांच्या हातातच राहिला.