वरच्या खोलीची घरपट्टी

“खोली सहा वर्षं बंद आहे, तरी पालिका ती वापरात धरते. अप्पा, हा काय न्याय झाला?”

विरूपाक्ष तोडकर मठाच्या ओट्यावर बसले होते. तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस. दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढण्यात हयात गेली, आणि आता त्यांचाच अर्ज फेटाळला गेला होता. राग नाकाच्या शेंड्यावर होता.

मठाचे स्वामी, म्हणजे अप्पा, विभूती चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तोडकरांनी सगळं सांगितलं. पालिकेने घरपट्टी नव्याने आकारली आणि त्यात माडीवरची खोली धरली. त्यांनी अकरा पानांची हरकत घेतली. पाहणीला आलेल्या कारकुनाने खिडकीतून डोकावून ‘वापरात’ असा शेरा मारला. उद्या अपिलाची सुनावणी होती. खोलीत कोणी राहत नाही, एवढं कोणा वजनदार माणसाने लिहून दिलं की काम फत्ते. अप्पांच्या सहीवर गावात कोण शंका घेणार?

“खोली कोणाची?”

“चन्नवीरची... माझ्या मुलाची. जाऊन सहा वर्षं झाली त्याला.”

अप्पांना ते ठाऊक होतं. त्याच्या मातीला ते स्वतः गेले होते.

“कारकुनाला आत काय दिसलं?”

“अंथरूण घातलेलं... उशाशी तांब्या भरलेला.”

“कोण भरतं?”

तोडकरांनी कागदांच्या कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

“मीच. दिवेलागणीला भरतो. त्याला रात्री तहान लागायची... सकाळी जाईला ओततो. पण अप्पा, याला वापर म्हणत नाहीत. कायद्यात बसत नाही ते.”

“आज भरू नका. उद्या सकाळी सही करतो.”

तोडकरांनी कागद ओट्यावर ठेवले. राग कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्याखाली जे होतं ते बघवत नव्हतं.

“तो यायचा नाही, हे कळतं मला,” ते म्हणाले. “पण नाही जमायचं.”

अप्पांनी मग इकडचं तिकडचं विचारलं. जेवणाचं काय? डबा येतो, चूल कधीची पेटलेली नाही. देवपूजा? राहून जाते. आणि त्यांच्या पत्नी, महादेवीबाई? त्या दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे गेल्या. खालून हाका मारायच्या, वरून ओ यायची नाही. किती दिवस मारणार?

“निजता कुठे?”

“वरच... त्याच्या दाराशी.”

ऊन ओट्यावरून उतरलं. तोडकर एकदम उठले आणि पायाने चपला चाचपू लागले. तांब्या भरायची वेळ झाली होती. अर्ज ओट्यावरच राहिला.

अप्पांनी तो उचलला. त्यावर पडलेली विभूती फुंकरीने उडवली आणि सही न करताच तो त्यांच्या हातात दिला.

“अर्ज चुकीच्या खोलीचा केलात, शिरस्तेदार. बाकीचं घर रिकामं आहे.”