येसाक्काची अर्धी ओळ

विषय : मौजे गारमाळ येथील विणणारी येसाक्का व तिची अर्धी ओळ.
संदर्भ : असं म्हणतात. लेखी पुरावा नाही.

फार वर्षांपूर्वी, गारमाळच्या डोंगरावर ढग मुक्कामाला यायचे आणि निघायचं नाव घ्यायचे नाहीत, त्या काळी येसाक्का मेंढीच्या लोकरीच्या बंड्या विणायची. तिच्या लेकीच्या, सोनकीच्या पाठीला कुबड होतं. कुठलीही बंडी कुबडावर चढून बसे आणि कंबर उघडी पडे. पोरगी दर हिवाळ्यात खोकून अर्धी होई. यंदा पाठ नीट झाकली नाही तर पोर उन्हाळा बघणार नाही, असं वैदू सांगून गेला.

येसाक्काने ऐसपैस बंडी विणली. तिच्यात सोनकीसोबत वाराही राहायला आला.

हताश होऊन ती बांधावर बसली. समोर तिच्या बहिणीचा नवरा हैबती नांगरत होता. नांगराचा तास, म्हणजे सरीची ओळ, अर्ध्यावर सोडून तो वळला.

"दाजी, बैल दमले का तुम्ही?"

"बैल कशाला दमतील? त्यांचं लग्न तुझ्या बहिणीशी झालेलं नाही. अगं, शेताला मधेच पोट आहे. पोटापुरते आखूड तास जास्तीचे घातले, की कडा सरळ राहतात."

येसाक्का धावत घरी गेली. पाठीच्या मध्यावर विणताना ती ओळ पुरी न करता अर्ध्यातूनच परत फिरली, पुन्हा फिरली. विणीला फुगवटा आला, कुबडापुरती जागा झाली. पण प्रत्येक वळणावर भोक पडलं, आणि वाऱ्याला तेवढं पुरतं. ती पुन्हा बांधावर गेली.

"दाजी, वळण्याआधी तुम्ही करता तरी काय?"

"समोर जो असेल त्याला राम राम. न बोलता पाठ फिरवली, की भांडण आलंच."

मग येसाक्काने वळण्याआधी पुढच्या, न विणलेल्या टाक्याला धाग्याचा एक वेढा दिला. भोक बुजलं. लोकर संपली तेव्हा दारातलं धुकं आपणहून सुईला लागलं, असं म्हणतात. सोनकीने त्या वर्षी उन्हाळा पाहिला. पुढे इतके पाहिले, की उकाड्याबद्दल कुरकुरू लागली.

म्हातारपणी येसाक्का गावामागच्या कुबडाच्या डोंगरासाठी बंडी विणायला बसली. धुक्याच्या ओळी घालत ती वर वर गेली आणि एका अर्ध्या ओळीत दिसेनाशी झाली. तेव्हापासून तिथलं धुकं कुबडावर फुगतं, कडेला सरळ राहतं, असं म्हणतात.

गारमाळात आजही कुणी अर्ध्या वाटेतून परत फिरला, तर पुढे जाणाऱ्याच्या खांद्याला हात लावतो, "येसाक्का" म्हणतो आणि मगच वळतो. त्याच्यावर कुणी रागवत नाही. डोंगराला तिचं नाव द्यावं, असा अर्ज गावाने केला आहे. कचेरीने तिच्या हयातीचा किंवा मृत्यूचा दाखला मागितला आहे. गावाकडे दोन्ही नाहीत. अर्ज प्रलंबित आहे.