खरखरीत दाढ

"सर, हे झालंच कसं?"

वर्टीकर सरांच्या घरीच डॉ. सुजय कोरगावकरने त्यांच्या तोंडातून आरसा बाहेर काढला. वर्षापूर्वी त्यानेच हट्टाने सरांच्या या दाढेत दाताच्या रंगाचं नवं कंपोझिट भरलं होतं. सर, हे तुम्हालाही पुरून उरेल, असं वर म्हणालाही होता. आता ते खरखरीत झालं होतं, कडेला डागाळलं होतं.

आणि उद्या परिषदेत तो याच कंपोझिटवर बोलणार होता. आंबटाचा याच्यावर काही परिणाम होत नाही, हे सांगणार होता. त्याने कंपोझिटच्या चकत्या महिनाभर आम्लात बुडवून ठेवल्या होत्या. एकीवरही ओरखडा नव्हता.

"चकत्या घासल्यास?" सरांनी विचारलं.

"नाही..."

"चावल्यास?"

सुजय हसला. सरही हसले आणि त्यांनी खिडकीतली बरणी काढली.

काकूंची आवळासुपारी. काकूंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तोंडी परीक्षेच्या संध्याकाळी मुलं सरांच्या घरी जमत, तेव्हा काकू दारातच हातावर आवळासुपारी ठेवायच्या. पास झालेल्याला एक तुकडा, नापासाला दोन. सुजयला दर वर्षी एकच मिळाला, हे तो अजूनही सगळ्यांना सांगे.

सरांनी एक तुकडा त्याला दिला. दुसरा आपल्या गालात, त्याच दाढेशी सरकवला.

"रोज खाता?"

"दिवसभर. पाच बरण्या करून ठेवल्या होत्या तिने. ही शेवटची."

"आणि दात?"

"लगेच घासतो. शिस्तीत."

सुजयच्या ध्यानात आलं. आंबटाने वरचा थर मऊ पडत होता आणि ब्रश तो खरवडून नेत होता.

"सर, मला सांगायचं तरी."

"दाढ भरताना काय विचारलं होतंस मला?"

"दुखतंय का, ते."

"आणि?"

आधी खाणंपिणं विचारा, मग तोंड उघडायला सांगा. पहिल्याच तासाला सरांनी हे फळ्यावर लिहिलं होतं. सुजयने ते वहीत उतरवून खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

त्याने तोंडातला तुकडा चावून संपवला.

"उद्या काय बोलू, सर?"

सरांनी बरणी तिरकी केली. तळाशी मोजकेच तुकडे उरले होते. त्यातला एक निवडून त्यांनी सुजयच्या तळहातावर ठेवला.

"हा दुसरा. नियम तिचा आहे, माझा नाही."