तात्यांनी काढलेली पिन

चूक तात्यांची होती. गावात कुणी ती हणमंताच्या माथी मारतं, कुणी अमावास्येच्या. थोरला माणूस चुकला असं म्हणायला सगळ्यांच्या जिभा जड होतात, म्हणून ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

घाटाखालच्या एका गावात हा हणमंत राहत होता. तालुक्याच्या बेकरीतून पाव, खारी, टोस्ट आणून वाड्यावस्त्यांवर विकायचा. घरात मोटरसायकल एकच. तिची लांब सीट कापून त्याने दोन केल्या होत्या. मालाचं खोकं बसवायचं तर मागची सीट काढायची आणि बायकोला, मोनालीला, कुठं न्यायचं तर परत लावायची. रोज पान्याने नट खोलून आणि आवळून आटे पार झिजले होते. त्यातच मोनालीला सातवा महिना लागला. गावात एसटी येत नव्हती आणि तपासणीला घाट चढून जायचं होतं. ढिल्या सीटवर तिला बसवायची हणमंताची छाती होईना.

मग त्याने डोकं चालवलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका कसा उघडतो आणि कसा बंद राहतो, हे तो लहानपणापासून बघत आला होता. तसंच त्याने सीटखाली केलं. पुढे दोन आकडे, मागे एक खटका आणि खटका आपोआप उघडू नये म्हणून त्याच्या भोकातून आरपार एक लोखंडी पिन. पिन ओढली, खटका उचलला, की सीट हातात. पान्याचं काम नाही. वाळूचं पोतं सीटवर बांधून त्याने घाट चढून-उतरून पाहिला. सीट तसूभर हलली नाही. मगच तो मोनालीला म्हणाला, "आता तू बस."

घरात थोरले म्हणजे त्याचे चुलते, तात्या. कामाला हात लावायचा नाही, पण कामावर नजर ठेवायला सदा हजर. हणमंत वेल्डिंग करत होता तोवर ते अंगणात खाट टाकून बोलत होते. "कंपनीवाले खुळे म्हणून नट लावत्यात व्हय?" हणमंताने पिनेचं काम दोनदा समजावून सांगितलं. तात्यांनी दोनदा मान हलवली. ऐकलं एकदाही नाही.

तपासणीचा दिवस आला, नेमका अमावास्येचा. हणमंत आंघोळीला गेला, तेवढ्यात तात्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं. आता लिंबू-मिरची बांधायची राहिली. ती सगळे पुढे हँडलजवळ बांधतात. पण तात्यांना धोका मागच्या सीटमध्येच दिसत होता, म्हणून बांधायची तीही तिथंच. सीटखाली एक भोक आयतंच सापडलं. त्यात काहीतरी अडकलं होतं. तात्यांनी ते उपसून खिशात टाकलं, भोकातून काळा दोरा ओवला आणि घट्ट गाठ मारली. अपघात होऊ नये म्हणून.

हणमंत निघताना दरवेळी पिन चाचपायचा. त्या दिवशी राहूकाळ लागेल म्हणून तात्यांनी इतकी घाई लावली की ते राहून गेलं. मोनाली पदर खोचून पुढे आली, तर तात्या आडवे आले. नव्या वस्तूवर पहिली बैठक थोरल्याची. आधी ते मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येणार, मग सुनेनं बसायचं. हणमंत चिडला. उशीर होतोय म्हणाला. मोनालीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. "जाऊ द्या. देऊळ काय लांब हाय? तोवर मी थांबते."

तात्या ऐटीत बसले. देवळाच्या अलीकडे ओढ्यावरची मोरी आहे. तिथल्या खड्ड्यात गचका बसला, खटका उघडला आणि तात्या सीटसकट मागे गेले. हणमंताला गाडी एकदम हलकी लागली. वळून बघतो तर सीट रस्त्यात आणि तिच्या पलीकडे तात्या, उजवा हात पोटाशी धरून.

त्यांना उठवून बसवल्यावर हणमंताने सीटच्या जागी वाकून पाहिलं. भोकात दोऱ्याचं तुटकं टोक लोंबत होतं.

"तात्या, इथली पिन कुठाय?"

"कसली पिन?"

"ह्या भोकातली."

तात्यांनी डाव्या हाताने खिसा चाचपला. "ही व्हय? काढली म्या. दोरा जात नव्हता."

हणमंताला संताप यायला हवा होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे घाटातलं दरीकडचं वळण आलं आणि त्याच सीटवर मोनाली. तो मोरीच्या कठड्यावर बसून राहिला. घराकडून मोनाली येताना दिसली. पोटावर हात ठेवून, पण आपल्या पायांनी, धडधाकट. तेव्हा कुठे तो कठड्यावरून उठला.

माणसं जमली तसे तात्या सावरले. लिंबू बांधलं होतं म्हणून जिवावरचं हातावर निभावलं, असं सांगू लागले. जमलेले म्हातारे माना डोलवायला लागले. मोनाली आजवर तात्यांना कधी उलटून बोलली नव्हती, आज बोलली.

"लिंबानं वाचवलं म्हणता. मग पाडलं कुणी?"

डोलणाऱ्या माना थांबल्या. तात्यांनी पिन तिच्या हातावर ठेवली.

त्यांना दुधाच्या टेम्पोतून दवाखान्यात धाडलं. हणमंताने पिन जागेवर घातली, सीटवर स्वतः दणादण बसून पाहिलं आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वाट देत मोनालीला घाट चढवून नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. ठोके चांगले होते. बाहेरच्या बाकावर बसून हणमंत कितीतरी वेळ उगाचच हसत होता. परत आल्यावर त्याने पिनेला बारीक साखळी जोडून ती गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंगने डागली, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या खिशात जायला नको.

तात्यांचं मनगट वाकडं जुळलं. सदऱ्याची गुंडी त्यांना आता स्वतःच्या हाताने लावता येत नाही.

तात्पर्य: एखादी वस्तू कशासाठी बसवली आहे हे ठाऊक नसेल, तर ती काढण्याआधी बसवणाऱ्याला विचारावं, वय झालं म्हणून विचारण्यातून कुणाची सुटका होत नाही.