ऊन ताटाची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या वेशीपाशी एका साळ्याचं घर होतं. घरात साळी, त्याची बायको भागू, त्याची बहीण तानी. भागूला एकच लेक, येसू. सात वर्षांची झाली, पण चालेना, बोलेना, मान धरेना. भरवलं तरच खायची. खालच्या ओठाला दोनदा बोट लावायचं, घास डाव्या गालात ठेवायचा, गळ्यावरून हात फिरवायचा, मग गिळायची. ही खूण एकट्या भागूला ठाऊक.

तानी म्हणे, "वहिनी, आज मी भरवते."

भागू म्हणे, "वन्सं, तुमच्या हातचं ती खायची नाही. आईचा हात तो आईचा हात."

"माझ्या हाताला काय काटे आहेत?"

भागू हसे, पण वाटी देत नसे.

लेक बरी व्हावी म्हणून भागूनं सोमवार धरला. मग शनिवार धरला. मग चतुर्थी धरली. उरल्या दिवशी लेकीचं उष्टं खाई, तेही गार झालेलं.

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. भागूनं जिवतीची पूजा केली, पुरणाचे दिवे ओवाळले. दारात एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई बाई, जेवलीस का?"

"लेकीचं होऊ दे, मग."

दुसऱ्या शुक्रवारी म्हातारी आली. "बाई बाई, जेवलीस का?"

"तिला झोप लागू दे, मग."

तिसऱ्या शुक्रवारी म्हातारी आली. "बाई बाई, जेवलीस का?"

"मी जेवले काय, न जेवले काय!"

म्हातारी निघून गेली.

मग त्याच दिवशी भागू विहिरीवरून येताना उंबऱ्यात पडली. घागर फुटली, अंगात ताप भरला, डोळा उघडेना. एक दिवस गेला, येसू उपाशी. दुसऱ्या दिवशी तानीनं घास धरला, येसूनं दात आवळले. तिसऱ्या दिवशी साळ्यानं बळेच घास घातला. पोर ठसकली, निळी पडली. साळ्यानं वाटी खाली ठेवली. म्हणाला, "तिनं आम्हाला काही दाखवलंच नाही गं, ताने."

भागूनं ते ऐकलं. सरपटत उंबऱ्यापर्यंत आली. तिथं म्हातारी बसलेली.

"बाई बाई, लेकीचं झालं का?"

भागूनं तिचे पाय धरले. "काय करू सांग. आणखी किती उपास धरू?"

"आहेत ते सोड. तुला वसा सांगते. दर शुक्रवारी पहिलं ताट तुझं वाढ. ताट ऊन आहे तोवर जेव, गार होऊ देऊ नको. तोवर लेक दुसऱ्याच्या हाती दे. तुला ठाऊक आहे ती खूण त्यांना दाखव."

"यानं माझी येसू चालेल?"

"नाही."

"बोलेल?"

"नाही."

"मग वसा कशाला?"

"तू उभी राहशील. उतू नको, मातू नको, आणि आपल्याला टाकू नको."

म्हातारी दिसेनाशी झाली. भागूनं तिथूनच हाक मारली, "वन्सं, आधी ओठाला बोट लावा. दोनदा. आता घास डाव्या गालात. आता गळ्यावरून हात." तानीनं तसं केलं. एक घास पोटात गेला. त्या दिवशी सगळे मिळून तीनच घास गेले.

मग चौथा शुक्रवार आला. भागूनं पहिलं ताट आपलं वाढलं. आत येसू रडू लागली. भागू उठू लागली, तशी तानी आतून ओरडली, "बसा वहिनी! भरल्या ताटावरून उठतात का कुणी?"

भागू बसली. भात डोळ्यांतल्या पाण्यानं खारट झाला, पण ऊन होता. मग आतलं रडणं थांबलं. येसू तानीच्या हातचं गिळत होती. भागूला बरं वाटलं. वाईटही वाटलं. तिनं दुसरा घास घेतला.

येसू पुढं चालली नाही, बोलली नाही. भागूचं ओझं जिवतीनं नेलं नाही. उचलायला आणखी दोन हात मात्र दिले. जसे भागूला दिले, तसे ज्या ज्या घरी असं लेकरू आहे, त्या आईबापांना देवो. ज्याचं ताट त्याला ऊन असताना लाभो. ही साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत सरली, ऐकणारीला सुफळ झाली.