नारंगी ट्रक आणि ब्रशमावशी

ह्या गोष्टीचा शेवट आधीच सांगून दाखवा, नाहीतर कान धरा! लई जुनी गोष्ट. भिकोबा सुतार हौसेनं खऱ्यासारख्या हुबेहूब बोटभर गाड्या बनवायचा. तो जेवायला गेला की गाड्या तिरप्या फळीवरनं शर्यत लावायच्या. नव्या नारंगी ट्रकला चकाकत पहिलं यायचं होतं. तो भिकोबाच्या रंगाच्या जुन्या ब्रशाला, ब्रशमावशीला, म्हणाला,

"ब्रशमावशे, रंगाचा अजून एक हात मार की!"

"लाडक्या, पहिलाच हात ओला हाय. वाळू दे."

"म्हातारी झालीस तू!"

मावशी हसली आन् लाडानं पार चाकापर्यंत रंग चोपडला.

दुसऱ्या दिवशी ट्रक नवरदेवावानी सजला, पण शर्यतीत जागचा हलंना. रंग वाळून चाकं चिकटलेली.

"मावशे, वाचव गं!" ट्रक रडकुंडीला आला.

मावशीनं चाकात दांडा घालून जोर लावला. चाकं सुटली, ट्रक शेवटचा का होईना, फळी उतरला. मावशीचा दांडा मात्र कडकन मोडला.